थ्रिप्सला औषधाची सवय होते का? घरात वाद पेटलाय, कोणीतरी नीट सांगा

निफाडचा_नातू :
नमस्कार मंडळी. मी मूळचा निफाड तालुक्यातला, नोकरीमुळे सध्या इंदिरानगरला असतो. द्राक्षबाग वडीलच बघतात, मी आपला सुट्टीला जाऊन फवारणीचा ब्लोअर चालवण्यापुरता. तर यंदा गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, शेंड्यावर थ्रिप्स म्हणजे बारीक फुलकिडे दिसायला लागले, नेहमीचं औषध मारलं, आणि काही म्हणजे काही फरक नाही हो. मागच्या काही हंगामांत ह्याच औषधाने बाग साफ व्हायची, यंदा पाणी मारल्यासारखं. मण्यावर डाग पडले की एक्सपोर्टचा माल लोकलला जातो हे तुम्हाला सांगायला नको.

वडिलांचं म्हणणं, किडीला औषधाची सवय लागली, डोस वाढवायचा. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. आणि पुतणी बारावी सायन्सला आहे ती म्हणे आजोबा सवय वगैरे काही नसतं, हे नॅचरल सिलेक्शन आहे. त्यावर वडील म्हणाले, सिलेक्शन करतं कोण मग, वावरात साहेब येऊन बसतो का निवड करायला? पुतणी गप्प, मी पण गप्प. प्रश्न मला बरोबर वाटला. खरंच कोण करतं? आणि सवय म्हटलं काय किंवा सिलेक्शन म्हटलं काय, आपल्याला शेवटी औषधच बदलायचंय ना, मग फरक काय पडतो?

तर्री_जास्त :
थ्रिप्स नाशिकचेच ना, मग सगळं पचणारच त्यांना. जास्त तर्री मारून बघा 😄

अंबड_एमआयडीसी :
पहिले दुसऱ्या कंपनीच्या बाटलीवरचं बारीक अक्षरातलं वाचा. कंपनी वेगळी, नाव वेगळं, आत घटक तोच असं सर्रास असतं. आमच्या सासऱ्यांनी असंच तीन वेगवेगळ्या नावांचं एकच औषध फिरवून फिरवून मारलं होतं आणि वर म्हणे रोटेशन करतोय.

पंचवटी_प्राणीशास्त्र :
निफाडकर, तुमच्या वडिलांचा प्रश्न फार चांगला आहे, मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवायचे तेव्हा असा प्रश्न विचारणारं पोरगं वर्षात एखादंच भेटायचं. बाकीचे पाठ करून लिहायचे.

निवड कोणीच करत नाही. फवारणी होते, काही मरतात, काही वाचतात, संपलं. पण जे वाचले ते का वाचले ह्यात सगळं आलं. तुमच्या बागेत औषध मारायच्या आधीपासूनच थोडे थ्रिप्स असे असतात की ज्यांच्यावर ते औषध कमी चालतं, जन्मापासून. ते औषध खाऊन शिकलेले नसतात. फवारणीने बाकीचे संपले, हे उरले, पुढची पिल्लावळ ह्यांचीच, आणि तो गुण रक्तात असल्यामुळे पिल्लांतही उतरला. एकही थ्रिप्स बदललेला नाही, बदलली ती बागेतली एकूण जमात.

ह्याला पुरावा काय म्हणाल तर माझं आवडतं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिकडे मेंढ्यांना छळणारी एक माशी आहे, मेंढीच्या अंगावर अंडी घालते आणि अळ्या जिवंत मेंढीचं मांस खातात. १९५० च्या सुमारास तिच्यावर ऑर्गेनोफॉस्फरस गटातली औषधं सुरू झाली, मॅलाथिऑन त्यातलंच. माशी पुढे दाद देईना. तर काही शास्त्रज्ञांनी २००६ साली काय केलं, संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेल्या जुन्या माश्या, म्हणजे औषध निघायच्या आधी पकडलेल्या, त्यांचा डीएनए तपासला. मॅलाथिऑन पचवणारा जीन त्यांच्यातल्या काहींत होताच! त्या माश्यांनी आयुष्यात मॅलाथिऑनचा वासही घेतला नव्हता, मग सवय कुठून लागणार? आणि गंमत म्हणजे त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या औषधाला, डायझिनॉनला, तोंड देणारा बदल मात्र त्या जुन्या माश्यांत सापडला नाही. म्हणजे एक पत्ता आधीपासून हातात होता, दुसरा बहुधा नंतर आला.

दिंडोरीचे_काका :
मॅडम आदर ठेवून सांगतो पण पुस्तकात आणि वावरात फरक असतो. इतकी वर्षं बाग करतोय, डोळ्यांनी बघितलंय, पहिल्या फवारणीला कीड पटापट मरते, पुढच्या वर्षी उशिरा मरते, त्याच्या पुढच्या वर्षी मरतच नाही. दारू पिणाऱ्याचं असंच असतं की नाही, आधी एका पेगात आडवा, नंतर अख्खी बाटली पोटात गेली तरी हा गाडी चालवत घरी. ही सवयच झाली ना.

पंचवटी_प्राणीशास्त्र :
काका, दारू पिणाऱ्याचं उदाहरण चालेल, पण त्याचं पोर जन्मताच बाटली पचवणारं निघतं का? तिथेच फरक आहे. थोडं औषध अंगात गेलं की किड्याच्या शरीरात ते तोडणारी एन्झाइम्स वाढतात, हे होतं, मी नाकारत नाही. पण ते त्या एका किड्यापुरतं, तो मेला की संपलं. आणि थ्रिप्सचं आयुष्य ते केवढं, ऊन चांगलं असलं की पंधरा-वीस दिवसात पिढी पालटते. तुम्ही मागच्या वर्षी बघितलेला थ्रिप्स आणि यंदाचा थ्रिप्स ह्यांच्यात कितीतरी पिढ्या गेल्या, त्यातला एकही तुमच्या दोन्ही फवारण्यांना हजर नव्हता. मग सवय कोणाला लागली?

अंबड_एमआयडीसी :
काकांना जे दिसतं ते चुकीचं नाहीये, ते आकड्यांत बघू. आकडे मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

धरा बागेत १ लाख थ्रिप्स, त्यातले फक्त ५० दणकट. औषधाने साधे शंभरातले ९५ मरतात, दणकट शंभरातले १० मरतात. पहिली फवारणी, साधे उरले ५ हजाराच्या आसपास आणि दणकट ४५. शेतकऱ्याला काय दिसलं, ९५ टक्के साफ, औषध एक नंबर. आता हे उरलेले वाढून परत १ लाख झाले की त्यात दणकट साधारण ९००. दुसरी फवारणी, ९४ टक्के मेले, अजूनही सगळं झकास. पण परत लाख भरले की दणकट १४ हजार! तिसऱ्या फवारणीला ८३ टक्के मेले, म्हणजे जरा कमी वाटलं, आपण म्हणतो पाऊस आला असेल, नोझल खराब असेल, मजुराने नीट मारलं नसेल. परत लाख भरले, आता दणकट ७५ हजार. चौथी फवारणी, ३१ टक्केच मेले. बोंबाबोंब.

म्हणजे सगळा खेळ पहिल्या दोन फवारण्यांत झाला जेव्हा आपण खूश होतो. दणकटांचा वाटा पहिल्याच झटक्यात अठरापट वाढला पण ५० चे ९०० झालेले लाखात दिसत नाहीत ना कोणाला.

निफाडचा_नातू :
बापरे. नोझलचं तर आम्ही शंभर टक्के म्हणालो होतो, नवीन बसवले पण. हा हिशेब प्रिंट काढून वडिलांना दाखवतो. पण मग ते पहिले ५० आले कुठून?

पंचवटी_प्राणीशास्त्र :
डीएनएची नक्कल होताना चुका होतात, रोज, प्रत्येक सजीवात. बहुतेक चुकांनी काही होत नाही, काहींनी नुकसान होतं, आणि लाखात एखादी नेमकी अशा जागी पडते की उपयोगी ठरते. औषध काय करतं, किड्याच्या नसांमधल्या एखाद्या प्रोटीनला जाऊन चिकटतं. त्या प्रोटीनमध्ये एक अक्षर बदललं तर औषध चिकटत नाही, किडा वाचला. चूक होताना तिला माहीत नसतं पुढे कोणतं औषध येणार आहे. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक ह्या दोघांनी बॅक्टेरियावर प्रयोग करून हेच दाखवलं की बदल आधी, संकट नंतर.

थ्रिप्सची अजून एक खोड आहे. त्यांच्यात नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो, म्हणजे त्याच्याकडे जीन्सचा एकच संच, आईचा. आपल्यासारखे दोन संच असले की एखादा दणकट जीन साध्या जीनच्या मागे दडून राहू शकतो, नरात दडायला जागाच नाही. जे आहे ते उघड्यावर. फवारणी झाली की लगेच निवाडा. म्हणून ह्यांच्यात रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा गुण, पसरायला वेळ लागत नाही.

आणि हे काही आजकालच्या औषधांचं पाप नाही हं. अमेरिकेत मेलँडर नावाच्या माणसाने १९१४ साली लिहून ठेवलंय की सफरचंदाच्या बागेत सॅन होजे खवले कीड चुना-गंधकाच्या फवारणीला दाद देत नाही. तेव्हा डीडीटी पण नव्हतं आलं.

सराटा_पंक्चर :
हा धागा वाचून राहवेना. मी सायकलवाला, गंगापूर डॅमकडे जाताना रस्त्याच्या कडेचे सराटे माझ्या ट्यूबचे जन्मोजन्मीचे वैरी. तर ह्याच सराट्याच्या सख्ख्या भावाने उत्क्रांतीचं जगातलं सगळ्यात भारी उदाहरण घडवलंय.

पॅसिफिकमध्ये गॅलापागोस बेटं आहेत, त्यातलं डॅफ्ने मेजर हे एक टीचभर बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवरा-बायको १९७३ पासून तिथे जाऊन फिंच नावाच्या चिमण्यांएवढ्या पाखरांना पकडून, पायात कडी घालून, चोच मोजून सोडून द्यायचे, एकेका पाखराची जन्मकुंडली त्यांच्याकडे. १९७७ ला तिथे दुष्काळ पडला, पाऊस जवळपास नाहीच. आधी मऊ बारीक बिया होत्या त्या पाखरांनी संपवल्या, मागे उरलं काय तर सराटे, त्याच जातकुळीचे, तसेच काटेरी टणक. आता सराटा फोडायचा तर चोच जाड पाहिजे. बारीक चोचीची पाखरं उपाशी मेली. बाराशेच्या आसपास पाखरं होती ती एकशेऐंशीच्या आसपास आली. वाचलेल्यांची चोच सरासरीने जाड, आणि पुढच्या वर्षी जी पिल्लं झाली त्यांचीही जाड, कारण चोच आईबापावर जाते. फरक केवढा तर अर्धा मिलिमीटर. पण त्या अर्ध्या मिलिमीटरवर जगणं-मरणं ठरलं.

आणि लक्षात घ्या कोणत्याही पाखराची चोच सराटे फोडून फोडून जाड झाली नाही. पुढे १९८३ ला एल निनोने धो धो पाऊस पडला, बेट हिरवंगार, बारीक बियांचा ढीग, आणि १९८५ च्या सुमारास गाडी उलटी फिरली, बारीक चोचवाले जास्त टिकायला लागले. म्हणजे जाड चोच चांगली की बारीक चांगली ह्याला उत्तरच नाही, त्या साली पाऊस किती झाला त्यावर.

तर्री_जास्त :
मग माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत 🙊 मुक्तिधामबाहेर काल एकाने माझं केळं पळवलं

पाखरवेडी :
कारण आत्ताच्या माकडापासून माणूस झालाच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, कोट्यवधी वर्षांपूर्वी. तुमचे चुलतभाऊ आहेत म्हणून तुम्ही नाहीसे झालात का?

गोदाकाठ७ :
आता शाळेच्या पुस्तकातूनच काढलंय हे सगळं तर लोकांना कळणार कसं. २०२३ ला एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा किती शास्त्रज्ञांनी पत्रं लिहिली...

ॲडमिन :
शिक्षण धोरणावर वेगळा धागा आहे, तिकडे बोला. इथे कीड आणि पाखरं चालू द्या. केळंही चालेल.

मालेगाव_कपाशी :
राम राम भो सगळ्यांना. द्राक्षवाल्यांचं ऐकलं, आता जरा कपाशीवाल्यांचं ऐका, आमची तर ह्या प्रकारात पार वाट लागलेली आहे.

२००२ ला बीटी कपाशी आली. झाडातच बॅक्टेरियाचं विष, बोंडअळीने चावा घेतला की मेली. सुरुवातीची वर्षं फवारणी निम्म्यावर आली, लोक खूश. २००६ ला दोन विषांचं बीजी-टू आलं. आणि मग गुजरातेत २०१० च्या आतच गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला जुमानेना, पुढे २०१५ पर्यंत दुसऱ्यालाही. २०१७ ला तर आपल्याकडे विदर्भ-मराठवाडा-खानदेश सगळीकडे बोंडं किडकी, उभ्या पिकात नांगर घातले लोकांनी.

आता मुद्द्याचं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, बिगरबीटी बियाणं. ती कडेने लावायची होती. कोणी लावली? बांधावर फेकली नाहीतर फेकूनच दिली. कोण मुद्दाम अळीला खायला पीक लावणार, आम्हाला वाटायचं कंपनीवाले येडे आहेत. आणि त्याचं कारण पण कोणी नीट सांगितलं नाही, नुसतं लावा लावा. आज वरचा तो लाखाचा हिशेब वाचून डोक्यात प्रकाश पडला. मॅडम ती पुडी ह्याच्यासाठीच होती ना?

पंचवटी_प्राणीशास्त्र :
अगदी ह्याच्यासाठीच. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या पोसल्या जाव्यात, त्यांचे पतंग व्हावेत, आणि बीटीतून वाचलेला एखादा दणकट पतंग असेल त्याला जोडीदार साधाच मिळावा. दणकटपणाचा जीन आईबाप दोघांकडून आला तरच अळी बीटी पूर्ण पचवते, एकाकडूनच आला तर बहुतेक मरते. म्हणजे दणकटाची पोरं साध्याशी जोडी जमल्यामुळे बीटीवर मरतात. साध्या अळ्या हा तुमचा राखीव साठा होता. तो नसला की दणकट नर, दणकट मादी, दुसरं कोणी शिल्लकच नाही.

आता विचार करा, हिरवी अमेरिकन बोंडअळी पण बीटी खातच होती, मग ती का एवढी बिथरली नाही? ती तुरीवर जाते, हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो ती तीच, टोमॅटोवर जाते. तिचा राखीव साठा शेजारच्या वावरात आपोआप तयार होत राहिला. गुलाबी मात्र जवळपास फक्त कपाशीवर जगते, आणि कपाशी तर सगळी बीटी. त्यात आपण फरदड ठेवायचो, उन्हाळ्यापर्यंत कपाशी उभी, म्हणजे तिला पिढ्यांवर पिढ्या काढायला मोकळं रान. अमेरिकेत ॲरिझोनाकडे साध्या कपाशीच्या पट्ट्या नीट लावल्या, वर वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ ला त्यांनी कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. कीड तीच, बीटीचा जीन तोच.

मालेगाव_कपाशी :
म्हणजे चूक आमची एकट्याची नव्हती, पण होती पण. जाऊ द्या भो.

निफाडचा_नातू :
मला आता उलटी शंका येतेय. सगळ्याच प्राण्यांना असं जमत असेल तर मग जाती नष्ट का होतात? डासांना जमलं, बोंडअळीला जमलं, मग वाघाबिघाला का नाही जमत?

पाखरवेडी :
हा प्रश्न मी गिधाडांबद्दल स्वतःला कितीदा विचारलाय. अंजनेरीला कड्यावर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत, दुर्बिणीतून घरटी दिसतात, हरसूलकडे खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची सोय केली आहे. पण जे शिल्लक आहे ते म्हणजे पूर्वीच्या मानाने काहीच नाही.

गुरांना दुखलं-खुपलं की डायक्लोफेनॅक टोचायचे. असं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी फेल, दोन-चार दिवसात खाली. १९९० च्या दशकात सुरू झालं, कारण सापडून छापून आलं २००४ ला, जनावरांसाठी बंदी २००६ ला. तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारात एखादं उरलं होतं. आणि ह्यासाठी सगळ्या मढ्यांत औषध असायची पण गरज नव्हती, शंभरातल्या एखाद्या मढ्यात असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर शंभर गिधाडं तुटून पडतात.

आता ह्यात निवड का नाही झाली? झाली असती, पण निवडायला काहीतरी हवं ना. गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एक. पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागायला पाच वर्षं. डायक्लोफेनॅक पचवणारा एखादा पठ्ठ्या त्यांच्यात असला जरी, तरी त्याने वाढून वाढून कड्याकपाऱ्या भरायच्या म्हणजे शतक लागेल, आणि जमात तर दहा-पंधरा वर्षांत खलास. थ्रिप्स लाखोंनी असतात, त्यात पन्नास वेगळे निघतात, आणि महिन्याभरात पिढी दुसरी. म्हणून मला ते निसर्ग मार्ग काढतो वगैरे वाक्य ऐकलं की राग येतो. निसर्ग काही काढत नाही. ज्याच्याकडे आधीपासून होतं आणि ज्याला वेळ मिळाला तो उरला.

दिंडोरीचे_काका :
ताई हे मात्र पटलं. आमच्या लहानपणी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात आकाश काळं व्हायचं. आता कुत्री ओढतात.

पण एक सांगा, बिबट्या पूर्वी डोंगरात होता, आता आमच्या उसातच पिल्लं घालतो, मळ्यातल्या कुत्र्यांवर जगतो, माणसाला भीत नाही. ही उत्क्रांतीच म्हणायची का?

पंचवटी_प्राणीशास्त्र :
काका ही शिकवण. उसात जन्मलेलं पिल्लू आईबरोबर उसातच फिरतं, तिच्याकडून शिकतं की कुत्रं कुठे मिळतं, ट्रॅक्टरला घाबरायचं की नाही. तेच पिल्लू जंगलात वाढलं असतं तर दुसरं शिकलं असतं. उत्क्रांती म्हणायला जन्मजात फरक पाहिजे, म्हणजे माणसाजवळ निवांत राहायचा स्वभाव काही बिबट्यांत रक्तातूनच जास्त असेल आणि तेच जास्त पिल्लं जगवत असतील, असं दाखवावं लागेल. नुसतं उसात दिसला म्हणून नाही. तुम्ही म्हणता ती सवय, ती इथे आहे बघा, फक्त थ्रिप्समध्ये नाही.

सराटा_पंक्चर :
हत्तींचं राहिलंच की. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध, गोरोंगोसा जंगलातले हत्ती दोन्ही बाजूंनी मारले, दात विकून बंदुका आणायच्या. नव्वद टक्क्यांच्या वर हत्ती गेले. ज्या माद्यांना जन्मतः सुळेच नव्हते त्यांना कोण कशाला मारेल? युद्धाआधी अशा माद्या १८.५ टक्के होत्या, नंतर ५०.९ टक्के. २०२१ ला ह्याचं जीनवर काम झालं तर कळलं की तो जीन एक्स गुणसूत्रावर आहे आणि नराला तो आला तर नर जन्मालाच येत नाही. म्हणजे बिनसुळ्याच्या आईचे निम्मे मुलगे पोटातच जातात. सुळे नसले की झाडांच्या साली सोलणं, खोदणं हेही अवघड.

तरी वाढला तो जीन. कारण शिकाऱ्याची गोळी त्यापेक्षा महाग पडत होती. हे मला फार विचित्र वाटतं राव, उत्क्रांती म्हणजे सुधारणा असं आपण धरून चालतो आणि इथे तर अर्ध्या मुलग्यांचा बळी देणारा गुण जिंकला.

निफाडचा_नातू :
आणि ह्या सगळ्यात आपली द्राक्षं बघा. थॉमसन काय, सोनाका काय, सगळी कलमं. मुळासाठी लावतात त्या डॉगरीज वेलीच्या खुंटावर डोळा भरला की वर वाढतं ते तेच झाड. म्हणजे माझ्या बागेत हजारो वेली नाहीतच, एकच वेल हजारो जागी लावलीय! कीड पंधरा दिवसाला नवा पत्ता टाकणार आणि वेल जन्मभर तेच पान धरून बसलेली.

अंबड_एमआयडीसी :
म्हणून तर वेलीच्या वतीने तुम्हाला खेळायचंय ना. बाटलीचं नाव सोडा, औषध किड्याच्या शरीरात कुठे मारा करतं तो गट बघा. एक पिढी एका गटाने मारली तर पुढची दुसऱ्या गटाने. मॅडम, डासांचं काहीतरी होतं ना असंच?

पंचवटी_प्राणीशास्त्र :
हो. डीडीटी आणि नंतरची पायरेथ्रॉइड औषधं, म्हणजे लॅम्डा वगैरे, दोन्ही नसांमधल्या एकाच दरवाजावर काम करतात. डीडीटीने जे डास तो दरवाजा बदललेले म्हणून वाचले त्यातल्या बऱ्याच जणांना पायरेथ्रॉइड नवीन असूनही लागू पडलं नाही. पाटी बदलली, दरवाजा तोच. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा, डीडीटीमुळे १९६५ ला तो लाखभरावर आला, आणि १९७६ ला परत ६४ लाखांवर. त्याला कारणं बरीच होती, पैसा, ढिलाई, पण डासांचा रेझिस्टन्स हे त्यातलं मोठं.

आणि डोस वाढवायचं म्हणाल तर एक्सपोर्टच्या मालात रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, निघालं की कंटेनर परत. शिवाय वाढीव डोसने मित्रकीटक पहिले मरतात.

दिंडोरीचे_काका :
बरं आता शेवटचं विचारतो. ते फिंच पाखरांचं जसं उलटं फिरलं तसं आपलं जुनं औषध काही वर्षं बंद ठेवलं तर परत लागू पडेल का? माझ्या शेडमध्ये एक-दोन प्रकार पडून आहेत.

पंचवटी_प्राणीशास्त्र :
शेडमधलं एक्स्पायर झालेलं असेल तर हात लावू नका, पहिलं ते. बाकी तुमचा प्रश्न खरा आहे. दणकटपणा फुकट मिळत असेल तर तो जात नाही, तसाच राहतो. पण त्याची किंमत मोजावी लागत असेल तर औषध थांबल्यावर साधे पुढे जातात. वेल्समध्ये वॉरफॅरिन नावाचं उंदराचं विष पचवणारे उंदीर झाले, पण त्यांना व्हिटॅमिन के जास्त लागायला लागलं, विष नसेल तिथे ते साध्या उंदरांपेक्षा मागे पडतात. तुमच्या थ्रिप्समध्ये कोणता प्रकार आहे हे कोणी बाहेरून सांगू शकत नाही, करून बघावं लागेल. थोड्या वेलींवर मारा, शेजारच्या थोड्या सोडा, आधी आणि नंतर शेंडे पांढऱ्या कागदावर झटकून किडे मोजा. आणि मोजलेलं लिहून ठेवा, औषधाच्या गटासकट.

दिंडोरीचे_काका :
कागदावर झटकून मोजायचं म्हणजे चष्मा घेऊन जावं लागेल. ठीक आहे. गडीमाणसाला सांगतो कडेच्या दोन ओळी सोडायला, तो म्हणेल म्हातारा येडा झाला.

मालेगाव_कपाशी :
म्हणू द्या काका, आम्ही पण कंपनीवाल्यांना तेच म्हणत होतो.

तर्री_जास्त :
मिलीबगचा धागा कधी काढताय? आमच्या जास्वंदीवर पांढरा कापूस झालाय नुसता, आई म्हणते साबणाचं पाणी मार. साबणाला पण रेझिस्टन्स येतो का हो मॅडम, खरंच विचारतोय.